मलकापूरचे ६० हजार आणि नानांचे दफ्तर

सन १७६१ म्हटले की मराठी माणसाला पानिपत आठवते आणि त्यापुढे दुसरे काही आठवायची सोयच उरत नाही. आम्हा मलकापूरकरांच्या खात्यावर मात्र त्या सालाची आणखी एक नोंद आहे. त्या वर्षी रघुनाथरावांची फौज या बाजूला आली आणि गाव लुटीतून वाचावे म्हणून मलकापूरने तिला ६० हजार रुपये मोजून दिले. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने ही हकीकत जेमतेम एका वाक्यात उरकली आहे. नळगंगेच्या काठचे हे गाव खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या एका राजपुत्राने वसवले आणि मलिकेवरून त्याला नाव पडले, ही आख्यायिकाही तिथेच आहे. गाव पैशाने धड होते, म्हणून फौजेची नजर त्याच्यावर गेली आणि म्हणूनच ते वाचलेही.

माझी हयात मलकापुरात अडतीच्या दुकानांतून कीर्द-खतावणी लिहिण्यात गेली. त्यामुळे ही हकीकत वाचली की मला लुटीपेक्षा वेगळाच प्रश्न पडतो. हे ६० हजार कागदावर कसे उतरत असतील? मोजले कुणी, पारखले कुणी, पहिली नोंद कुणाची आणि शेवटची बेरीज कुणाच्या हातची? या प्रश्नाच्या मागे जाऊ लागलो की मी एका माणसापाशी येऊन पोचतो. त्या वर्षी तो अवघा १९ वर्षांचा होता आणि पानिपताहून जीव वाचवून नुकताच दक्षिणेत परतला होता. बाळाजी जनार्दन भानू. आपण त्यांना नाना फडणीस म्हणतो.

नानांना आपण ओळखतो ते दोन तऱ्हांनी. एक, मराठेशाहीतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे म्हणून. पुण्याचे सखारामबापू, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. नानांना तलवार चालवता येत नाही म्हणून ते अर्धे. दुसरी ओळख १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या नाटकाने करून दिली. या दोन्ही ओळखींत नानांचे रोजचे काम कुठे दिसत नाही. ते काम होते कागदाचे. फडणीस हा शब्दच मुळी फर्दनवीस या फारसी शब्दापासून आला. फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा ताव, आणि नवीस म्हणजे लिहिणारा.

जन्म साताऱ्याचा, १२ फेब्रुवारी १७४२ चा. घराणे कोकणातल्या वेळासचे. पेशवे बाळाजी विश्वनाथ घाटावर आले तेव्हा भानू मंडळी त्यांच्या सोबत होती आणि फडणिशी तेव्हापासून या घरात चालत आली. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले. चौदा वर्षांच्या मुलाकडे वडिलांचा हुद्दा आला आणि थोरांच्या देखरेखीखाली तो दफ्तरात बसू लागला. चार वर्षांनी भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर आई आणि पत्नी यांना घेऊन तो उत्तरेत गेला, तीर्थयात्रा घडेल या आशेने. आई परतली नाही. रणातून निसटून, पायपीट करत नाना वाचले. पुढे त्यांनी एक छोटे आत्मवृत्त लिहिले, त्यात स्वतःची भीती आणि तरुणपणाचे मोह त्यांनी लपवलेले नाहीत. मराठीतल्या जुन्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. हिशेबनीसाने स्वतःच्या चुकाही खर्ची टाकाव्यात तसे ते लिहिणे आहे.

आता दफ्तराकडे वळू, कारण नानांचे चरित्र खरे तर तिथे घडले.

पेशव्यांचे हुजूर दफ्तर पुण्यात होते आणि भरभराटीच्या दिवसांत तिथे २०० च्या आसपास कारकून काम करत. फड हा त्याचा मुख्य भाग. सनदा, हुकूम, हिशेब सारे फडावरून सुटायचे. वर्षाच्या जमाखर्चाचे अंदाजपत्रक ज्या शाखेत होई तिला बेहेडा म्हणत. सरंजामाची शाखा वेगळी. आणि या सर्वांच्या पलीकडे एकबेरीज दफ्तर. ते कायम पुण्यातच असे. साऱ्या खात्यांचे हिशेब तिथे येऊन एकत्र होत आणि खातेवार लावले जात. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातून आजची स्थिती काय, शिल्लक किती, हे एका तावावर दिसावे यासाठी ती सगळी खटपट होती.

जिल्ह्याच्या ठिकाणी मामलेदार असे, पण तो एकटा राजा नव्हता. त्याच्या कचेरीत दरकदार बसत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता, आणि सारी मेख तिथेच होती. दिवाण प्रत्येक पत्रावर आणि हुकमावर आपली सही जोडी. मुजुमदार हिशेब पाहून पसंत करी, मगच ते फडणिसाकडे जात. फडणीस कागदांवर तारीख घाली, रोजकीर्द लिही आणि पैशाच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधी. दफ्तरदार त्या रोजकीर्दीवरून खतावणी तयार करून दरमहा गोषवारा वर पाठवी. पोतनीस वसूल आणि शिल्लक सांभाळी. पोतदार नाणी पारखी, आणि पोतदार दोन असत, एकाचे चुकले तर दुसऱ्याने धरावे म्हणून. चिटणीस पत्रव्यवहार पाही.

समजा मलकापूरचे ६० हजार या रीतीने, नियमाप्रमाणे, एखाद्या कचेरीत आले असते. पहिल्यांदा ते पोतदारांपुढे ओतले गेले असते. तेव्हा दर प्रांताचा रुपया निराळा, त्यामुळे कुठल्या शिक्क्याला किती बट्टा हे ठरवल्याशिवाय ६० हजार म्हणजे नक्की किती हेच कळायचे नाही. मग थैल्या, थैल्यांना चिठ्ठी, रोजकीर्दीला जमा, तिथून खतावणी, खतावणीवरून गोषवारा, गोषवारा पुण्याला फडावर आणि शेवटी एकबेरजेत एका रकान्यातला एक आकडा. एकाच पैशाची नोंद चार-पाच हातांनी चार-पाच ठिकाणी. लबाडी करायची तर या साऱ्यांनी मिळून करावी लागे. ती होतच नव्हती असे मी म्हणणार नाही. मी अडतीत काम केले आहे.

मागे दिवाळीला माझी पुतणी आली होती. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. लोकांची कामे कशी चालतात ते चित्रात मांडून देणे हा तिचा धंदा. काका तुम्ही आयुष्यभर काय करत होतात ते सांगा, मी काढते, म्हणाली. मी सांगू लागलो. कापसाची गाडी बाजार समितीत येते, लिलाव होतो, काटा होतो, अडत, हमाली, तोलाई कापून हिशोबपट्टी होते, शेतकऱ्याला चुकारा मिळतो. तिने कागदावर आडवे पट्टे आखले. एक शेतकऱ्याचा, एक अडत्याचा, एक व्यापाऱ्याचा, एक समितीचा. ज्याचे काम त्याच्या पट्ट्यात, आणि काम एका हातातून दुसऱ्या हातात गेले की बाण पट्टा ओलांडून जाणार. पोहण्याच्या शर्यतीत तलावात दोऱ्या बांधून रांगा आखतात, तशी ही रीत. रमलर आणि ब्रेश या दोन अमेरिकन लेखकांच्या १९९० च्या पुस्तकाने ती जगभर पसरली. मला मात्र ते चित्र पाहून दरकदार आठवले. दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस हे पट्टेच की! फरक एवढाच की नानांच्या काळी पट्टे कुणी कागदावर आखले नव्हते. ते हुद्द्यांतच आखलेले होते.

मग पुतणीकडून या चित्रलिप्यांची थोडी वंशावळ समजून घेतली. आरंभ बराचसा फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन नवराबायकोपासून होतो. फ्रँक १८८५ साली गवंड्याच्या हाताखाली कामाला लागला आणि वीट रचण्याच्या हालचाली मोजता मोजता कारखान्यांचा सल्लागार झाला. १९२१ साली या दांपत्याने यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाचा तक्ता मांडला. १९४७ मध्ये त्या संस्थेने पाच चिन्हे पक्की केली. गोल म्हणजे प्रत्यक्ष काम, बाण म्हणजे ने-आण, चौकोन म्हणजे तपासणी, त्रिकोण म्हणजे साठवण, आणि इंग्रजी डी हे अक्षर म्हणजे खोळंबा. ही लिपी मला मनापासून आवडली. पोतदाराची पारख म्हणजे चौकोन, चिठ्ठी बांधून खोलीत ठेवलेली थैली म्हणजे त्रिकोण, पुण्याची वाट म्हणजे बाण. खोळंब्याला स्वतंत्र चिन्ह देणारा माणस सरकारी कचेरीत कधीतरी बसलेला असणार!

या लिपीला एक उणीव आहे. ती एका वस्तूच्या मागे मागे जाते. वाटेत फाटा फुटला, असे झाले तर इकडे आणि तसे झाले तर तिकडे, की ती अडखळते. त्यासाठी पुढे संगणकवाल्यांनी शंकरपाळ्यासारखा चौकोन वापरात आणला. शंकरपाळे दिसले की समजावे, इथे निर्णय आहे. आज कंपन्यांत जी लिपी मुख्यतः चालते ती बीपीएमएन. तिची पहिली आवृत्ती २००४ सालची, दुसरी मोठी २०११ ची आणि २०१३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात पट्टे आहेत, शंकरपाळे आहेत, निरोपासाठी लखोटा आहे, आणि घड्याळही आहे. घड्याळाचा अर्थ असा की अमुक मुदतीत उत्तर आले नाही तर काम या दुसऱ्या वाटेने पुढे जाईल. चिन्हे पुष्कळ, शिकायला अवघड. पुतणी म्हणते, निम्म्या चिन्हांना रोजच्या कामात कुणी हात लावत नाही. पण ते शंकरपाळे आणि ते घड्याळ माझ्या डोक्यात राहिले. नानांच्या चरित्राचा मला न उलगडलेला भाग त्यांनी उलगडला.

मराठेशाहीची स्वतःची लिपी कोणती होती? ती होती शेऱ्यांची. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळच्या कानुजाबत्यातच कोणत्या प्रधानाने कोणत्या कागदावर काय करायचे ते ठरवून दिले होते. राजपत्रावर राजाची आणि पेशव्यांची मुद्रा, आणि अमात्य, मंत्री, सचिव, सुमंत यांची चिन्हे. मोडी कागद पाहिलेल्यांना रुजू, बार, सुरु सूद, मोर्तब सूद हे शेरे ठाऊक असतील. मोर्तब सूद हे फारसी मुरत्तब शुद, म्हणजे रीतसर तयार झाले. आपण आजही एखाद्या गोष्टीवर शिक्कामोर्तब झाले म्हणतो, ते इथूनच आले. ताव एकाला एक चिकटवून लांब गुंडाळी केली की सांध्यावर मागून शिक्का, आणि मजकूर संपला की तिथे लेखनसीमेचा शिक्का, म्हणजे खाली कुणी ओळ घुसडू नये. कागद हातात घेतला की तो कुणाकुणाच्या हातून आला हे त्याच्या अंगावरच वाचता येई.

पुतणीची चित्रे आणि हे शेरे शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. चित्र काम होण्यापूर्वी काढतात. शेरा काम झाल्यावर पडतो. चित्र म्हणते, असे व्हावे. शेरा म्हणतो, असे झाले. चित्रात खोटे बोलणे सोपे असते. भिंतीवर टांगलेला तक्ता आणि खाली चाललेले काम यांचा संबंध नसलेल्या कचेऱ्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. शेऱ्यात खोटे बोलणे अवघड, कारण त्यावर तारीख असते आणि हात असतो. या बाबतीत माझे मत नानांच्या बाजूने आहे. अलीकडे संगणकशास्त्रातही उलटा प्रवास सुरू झाला आहे. विल व्हॅन डर आल्स्ट या डच शास्त्रज्ञाने रुळवलेल्या पद्धतीत संगणकात पडलेल्या तारीखवार नोंदी गोळा करून त्यांवरून काम प्रत्यक्षात कसे चालते त्याचे चित्र काढतात. म्हणजे आधी रोजकीर्द, मग नकाशा.

पण शेऱ्यांच्या लिपीत न झालेल्या गोष्टीला जागा नसते. निर्णय कसा करायचा, आणि निर्णय करणारा जागेवर नसेल तर काय, याला चिन्ह नसते. बेहेड्यात पैशाचा आजमास होता, कामाचा नव्हता. ही जागा नानांनी स्वतः भरून काढली.

माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत नाना दफ्तरात मुरले. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव, मलकापूरकडून ६० हजार घेणाऱ्या फौजेचे तेच धनी, पेशवे होऊ पाहत होते. त्यांच्याविरुद्ध बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, आणि त्यात सखारामबापूंबरोबर नाना होते. एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या विधवेला, गंगाबाईंना, मुलगा झाला. तो सवाई माधवराव. महिन्याभराच्या मुलाच्या नावे राज्य चालवायचे, याचा अर्थ निर्णय दुसऱ्या कुणी घ्यायचा. बारा भाऊ होते ते हळूहळू गळत गेले. सखारामबापू बाजूला पडले, चुलतभाऊ मोरोबांनी १७७८ मध्ये उलटा डाव मांडला आणि ते कैदेत गेले. उरले नाना. इंग्रजांशी वडगाव झाले, १७८२ चा सालबाईचा तह झाला, महादजी शिंदे उत्तरेत वाढले. पुण्यातून सगळ्यांवर नजर ठेवणारा एकच माणूस होता. बातमीदार, वकील, सावकार यांची पत्रे त्याच्याकडे येत, उत्तरे त्याच्याकडून जात. पुतणीच्या भाषेत बोलायचे तर सर्व बाण एकाच शंकरपाळ्यात शिरत होते आणि ते शंकरपाळे नानांच्या डोक्यात होते.

याची किंमत काय पडते ते १७९१ साली पुण्याने पाहिले. घाशीराम कोतवालाने काही परप्रांतीय ब्राह्मणांना अपुऱ्या जागेत कोंडले आणि त्यांतले बरेच गुदमरून मेले. शहर खवळले. घाशीरामाला जमावाच्या हवाली करण्यात आले आणि दगडांनी ठेचून तो मारला गेला. नाटकामुळे या प्रकरणाची चर्चा नानांच्या चारित्र्याभोवती फिरते. मला त्यात हिशेबनीसाला दिसावे ते दिसते. कोतवालीच्या जमेचे कागद पुण्याच्या दफ्तरात आहेत, दंड किती वसूल झाला ते त्यांत सापडते. ज्याला दंड झाला त्याने दाद कुठे मागावी, आणि ती दाद कोतवालाला वगळून वर कशी जावी, ती वाट लिहिलेली नव्हती. रकमा वर जात होत्या, आणि माणसे तिथेच राहत होती. याची जबाबदारी नानांवरून पुसता येणार नाही, कारण कोतवालावर नजर ठेवणे त्यांचेच काम होते आणि रकान्यात जे येते त्यावर त्यांची नजर कधी चुकली नव्हती.

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामावर विजय मिळाला. त्यासाठी सगळे सरदार एका झेंड्याखाली आणणे हे नानांच्या पत्रांचे काम होते आणि तसे ते पुन्हा कधी जमले नाही. महादजी आणि हरिपंत फडके दोघेही आदल्या वर्षी गेलेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यातल्या माडीवरून पडले आणि दोन दिवसांनी वारले. वय अवघे २१. या मुलाला नानांनी शिस्तीत वाढवले, पण त्याच्या हाती कारभार दिला नाही, असा ठपका इतिहासकारांनी ठेवला आहे. मला तो योग्य वाटतो. दफ्तरातला साधा कारकूनसुद्धा हाताखाली उमेदवार तयार करतो. नानांनी केला नाही. एवढ्या बारकाईने कागद लावणाऱ्या माणसाने आपल्या जागेपुढचे घर रिकामे ठेवावे, हे कोडे मला अजून बोचते. कदाचित पानिपत पाहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या निर्णयावर विसंबणे जमतच नसावे.

पुढचे सारे उतरणीचे. रघुनाथरावांचेच चिरंजीव दुसरे बाजीराव गादीवर आले. नाना एकदा महाडला निघून गेले, परत आले, पुन्हा कारभारी झाले. ३१ डिसेंबर १७९७ ला दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेले असता त्यांना कैद झाली आणि अहमदनगरच्या किल्ल्यात रवानगी झाली. ते किल्ल्यात असताना १७९८ मध्ये शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातल्या सावकारांकडून आणि सुखवस्तू घरांतून मारझोड करून पैसा काढला. मलकापूरने एके काळी जे भोगले ते आता राजधानीच्या वाट्याला आले. या वसुलीवर ना दिवाणाची सही, ना मुजुमदाराची पसंती. जुलै १७९८ मध्ये नाना सुटले, पुन्हा कामाला लागले आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. मागे लहान वयाची पत्नी जिऊबाई राहिल्या. नानांच्या संपत्तीवर सगळ्यांचा डोळा होता, तेव्हा त्यांना लोहगडाचा आसरा घ्यावा लागला.

नानांनंतर ते रिकामे घर कुणी भरले नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसले. आणि मग १८०३ च्या पावसाळ्यात ही सारी गुंतागुंत आमच्या दाराशी आली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या छावण्या मलकापूरच्या परिसरात पडल्या होत्या. इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स तिथे होता. जनरल वेलस्लीच्या अटींवर होय की नाही याचा तो स्वच्छ जबाब मागत होता. दोन्ही सरदारांकडून होयही आले नाही आणि नाहीही आले नाही. बोलणी लांबत गेली. इंग्रजांकडे त्या लिपीतले घड्याळ होते, मुदत संपली की पुढची वाट ठरलेली. ३ ऑगस्ट १८०३ ला कॉलिन्स छावणी सोडून निघाला आणि युद्ध सुरू झाले. महिना व्हायच्या आत नव्हे, पंधरवड्याच्या आत अहमदनगरचा किल्ला पडला. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आपल्या वऱ्हाडातले अडगाव, डिसेंबरच्या मध्यावर गाविलगड. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावचा तह केला.

नाना असते तर हे टळले असते का, यावर पारावर वाद रंगतो आणि मी त्यात पडत नाही. कंपनीच्या कवायती पलटणी कागदाने थोपवता आल्या नसत्या. एवढे मात्र खरे की मलकापूरच्या त्या छावणीत कुणी, कुणाला विचारून, किती दिवसांत उत्तर द्यायचे हे ठरलेले नव्हते, कारण पाव शतक ते ठरवायची वेळच आली नव्हती. नाना उत्तर देत आले होते.

दफ्तराचे काय झाले? बाजीरावाच्या काळात शिस्त गेली. कागद कारकुनांनी घरी नेले, नोंदी मागे पडल्या. तरीही १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती जे आले त्यात ऐंशीहून अधिक वर्षांचा सिलसिला होता. इनामांचे दावे तपासताना इंग्रज अधिकारी याच रुमालांवर विसंबले. कुणाला कधी काय मिळाले ते शेऱ्यांसकट तिथे होते. विसाव्या शतकात गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. नानांचा खासगी संग्रह वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात राहिला, त्यालाही अभ्यासकांनी मेणवली दफ्तर हेच नाव दिले.

देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. तोवर इथल्या वसुलात दोघांचा वाटा असे आणि एकाच शेताचा हिशेब दोन घरी लागे. त्यानंतर ५० वर्षे मलकापूरचा वसूल एकट्या हैदराबादच्या खात्यावर पडत राहिला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला आणि कारकुनाच्या हाताखाली हळूहळू छापील नमुने आले. कुठल्या रकान्यात काय भरायचे ते त्यांवर आधीच छापलेले असे, आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात कारकून आपले मोडी अक्षर काढत असे.